चढावर मागे सरकलेली गाडी : बडोद्यातलं एक प्रकरण

उमेदवार बाई, वय ४७, राहणार दांडिया बाजार, बडोदा. नोकरी सहकारी बँकेत, हिशेबाच्या टेबलावर. स्कूटर कॉलेजपासून चालवतात, तिचं लायसन्स जुनं आहे. चारचाकीचं कच्चं लायसन्स नवरात्र आटोपल्यावर काढलं, ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग पुरा केला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दरजीपुऱ्याला आरटीओच्या ट्रॅकवर परीक्षा दिली. आठचा आकडा जमला, समांतर पार्किंग जमलं. चढावर थांबवून पुन्हा काढताना गाडी मागे सरकली आणि रिव्हर्सच्या एस वळणात खांबाला लागली. निकाल नापास.

गाडी शिकण्याचं कारण निकडीचं होतं. यजमानांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. उजवा हात आणि उजवा पाय अजून पुरते साथ देत नाहीत. आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागतं. दारात गाडी उभी, पण ती चालवणारे ते एकटेच होते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. रिक्षात चढता-उतरताना त्यांचे जे हाल होत ते आम्ही शेजारी रोज पाहत होतो.

एका कारखान्याच्या वाहतूक विभागात नवे ड्रायव्हर पारखणं आणि तयार करणं हे माझं बरीच वर्षं काम आहे. म्हणून या बाई, आमच्या शेजारच्या वहिनी, निकालाचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. नाव घालू नका म्हणाल्या, ते घातलेलं नाही. नापास झालेली माणसं बहुतेक वेळा लगेच पुढची तारीख घेतात आणि तीच चूक घेऊन पुन्हा ट्रॅकवर उभी राहतात. इथे तसं झालं नाही. आधी चुकीचं मूळ शोधलं गेलं, आणि जे सापडलं ते या एका बाईपुरतं नव्हतं.

पायाखालचा दुसरा पाय

पहिल्या सकाळी मी काही शिकवलं नाही. नवलखी मैदान मोकळं होतं. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावलेला होता. "वहिनी, तुम्हाला येतं तसं चालवा. मी फक्त बसतो," एवढंच म्हटलं.

गाडी चार हात पुढे गेली, हिसका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा हिसका. वहिनी रडकुंडीला आल्या. "भाऊजी, शाळेच्या गाडीत असं एकदाही झालं नाही हो."

खरंच झालं नसणार. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. अपघात टळावा म्हणून ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण वहिनींचा पाय क्लचवरून धाडकन सुटायचा तेव्हा शेजारच्याचा पाय त्याच्या क्लचवर असायचा. चढावर गाडी धरून ठेवणारा ब्रेकही त्याचाच. त्यानं हे वाईट हेतूनं केलं असं मी म्हणणार नाही. मागे दोन विद्यार्थी आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले, पुढची बॅच नाक्यावर उभी, गाडी सारखी बंद पडत राहिली तर वेळापत्रक कोलमडतं. म्हणून तो सावरून घेतो. शिकणाऱ्याला वाटतं, जमलं आपल्याला. ट्रॅकवर घरची गाडी नेली आणि तो दुसरा पाय नाहीसा झाला.

दुसरं कारण रिव्हर्सचं. मैदानात विटा मांडून मी त्यांना मागे यायला सांगितलं, तर त्या मागच्या काचेतून बघतच नव्हत्या. डोळे बाजूच्या खिडकीच्या एका कोपऱ्यावर खिळलेले. विचारलं तर म्हणाल्या, "तिसरा खांब या कोपऱ्यात आला की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवायचं, असं पाठ करून घेतलंय." पाठांतर शाळेच्या छोट्या गाडीचं होतं. घरची गाडी तिच्याहून लांब, सीट उंच, मागची खिडकी निराळी. खांब त्या कोपऱ्यात आला तेव्हा वळायची वेळ केव्हाच टळून गेली होती. आठ जमला, कारण पुढे जाताना खुणांची गरज पडली नाही. इतक्या वर्षांच्या स्कूटरची नजर तिथे कामी आली.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतःच काढून दाखवली. बँकेतली सवय, वर्गाच्या प्रत्येक दिवशी किती वाजता स्टिअरिंग हातात आलं आणि किती वाजता गेलं ते डायरीत टिपलेलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ३१ व्या नियमाप्रमाणे अशा प्रशिक्षणाची मुदत २१ दिवसांहून कमी नसावी आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास १० हून कमी नसावेत. दिवस २१ भरले होते. तासांची बेरीज साडेसहाच्या आसपास आली. बाकीचा वेळ मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं शिकणं पाहण्यात गेला. शिकवणी लावणाऱ्या प्रत्येकानं ही नोंद ठेवावी असं मला मनापासून वाटतं. दहा तास पुरे झाले नसतील तर ते मागून घेण्याचा आपला हक्क आहे, आणि वही समोर असली की मागताना संकोच वाटत नाही.

ओळखीचा माणूस

नातेवाइकांपैकी एकानं फोनवर सुचवलं की ओळखीचा माणूस आहे, थोडे जास्त पैसे लागतील, पुन्हा ट्रॅकवर जायची गरज पडणार नाही. सुचवणाऱ्याच्या मनात कळकळच होती. यजमानांची परवड त्यालाही बघवत नव्हती.

वहिनींनी मला विचारलं, पण उत्तर त्यांचं ठरलेलं होतं. "पैशाचा प्रश्न नाही, भाऊजी. बँकेत मी न पाहिलेल्या व्हाउचरवर सही करत नाही. मग न दिलेल्या परीक्षेच्या कागदावर स्वतःचा फोटो कसा लावू?"

कायद्याची बाजू मी सांगितली. फसवणुकीनं मिळवलेलं लायसन्स रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या १९ व्या कलमानं परवाना अधिकाऱ्याला दिलेला आहे. माझ्या लेखी मात्र कायद्याआधी एक साधी गोष्ट येते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. वहिनींच्या डाव्या हाताला जी सीट आहे तिथे यजमान बसणार होते. हँडब्रेक त्यांच्या उजव्या हाताशी येतो, आणि उजवाच हात चालत नाही. म्हणजे वहिनींच्या हातून काही चुकलं तर ते सावरणारं त्या गाडीत कुणी नसणार. विकत घेतलेला कागद तिथे कशाच्या उपयोगी पडेल?

याच कारणानं यजमानांना शेजारी बसवून सराव करायचा नाही हेही ठरलं. त्यांचं लायसन्स चालू आहे, पण शिकाऊ चालकाच्या शेजारी बसणारा गाडी ताब्यात घेऊ किंवा थांबवू शकेल अशा जागी असावा, अशी नियमाची अट आहे. नुसता लायसन्सवाला शेजारी असून ती अट पुरी होत नाही.

फेरपरीक्षेचं गणित सोपं आहे. त्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नापास उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा बसता येतं. परीक्षेची फी एका वाहनवर्गाला ३०० रुपये, पुन्हा बसताना तेवढीच. तीनदा नापास झालं तर शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत अशा उमेदवारानं पुन्हा प्रशिक्षण घ्यावं अशीही तरतूद घातली आहे. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं, म्हणजे वहिनींच्या हातात एप्रिलपर्यंत वेळ होता. आठव्या दिवशीची तारीख मिळत होती. ती घेतली नाही. जानेवारीअखेरची घेतली.

कान आणि टाच

सुरुवात सीटपासून केली. वहिनींची उंची पाच फुटांच्या आतबाहेर, म्हणून त्या स्टिअरिंगला अगदी चिकटून बसायच्या. क्लच तळापर्यंत दाबला की गुडघा थोडा वाकलेला राहावा, टाच जमिनीवर टेकलेली असावी आणि पाठ सीटला लागलेली, असं अंतर लावलं. खाली एक कडक उशी घेतली. मऊ उशी घेऊ नये, ती ब्रेक मारताना दबते. टाच टेकायला लागली तसा क्लच सोडताना पाय उडायचा बंद झाला. निम्मं काम तिथेच झालं.

मग ॲक्सिलरेटरला मनाई. सपाट जमिनीवर, पहिल्या गिअरमध्ये, फक्त क्लचवर गाडी माणसाच्या चालीनं न्यायची आणि थांबवायची. पुन्हा न्यायची, पुन्हा थांबवायची. कंटाळवाणा सराव आहे. पण यात एक क्षण सापडतो, जिथे इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं होतं. तोच हाफ क्लच. मी त्यांना म्हटलं, पायाकडे लक्ष देऊ नका, आवाज ऐका. काचा खाली केल्या, पंखा बंद. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "आला आवाज." तिथून पुढे गाडी क्वचितच बंद पडली.

चढाचा प्रश्न बडोद्यात वेगळाच आहे. शहर सपाट. रेल्वेवरचे पूल आणि इमारतींच्या तळघरातलं पार्किंग सोडलं तर चढ मिळत नाही, म्हणून इथले शिकाऊ लोक चढाला घाबरतात. सरावासाठी पुलावर गाडी उभी करणं धोक्याचं आणि गैर. ते कुणी करू नये. जुन्या पादरा रोडवर वहिनींच्या भावाची सोसायटी आहे, तिच्या बेसमेंटचा उतार आम्ही परवानगीनं वापरला. दुपारी दोन ते चार तिथे चिटपाखरू नसतं.

तिथली पद्धत अशी. चढावर ब्रेकनं पूर्ण थांबायचं. हँडब्रेक ओढायचा. पहिला गिअर. पाय ब्रेकवरून काढून ॲक्सिलरेटरला थोडासा जोर, इतका की इंजिन गुणगुणेल, ओरडणार नाही. क्लच सावकाश वर. आवाज बसला, बोनेट उचललं, की पाय तिथेच धरायचा, आणि मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी जागची हलत नाही, क्षणभर लटकल्यासारखी राहते आणि पुढे निघते. मागच्या चाकाखाली मी एक खडू ठेवला होता. गाडी तसूभर जरी मागे आली तरी खडूचा चुरा होणार. पहिल्या दुपारी बऱ्याच खडूंचा चुरा झाला. तिसऱ्या दुपारी एकच खडू शेवटपर्यंत टिकला आणि वहिनींनी तो पर्समध्ये टाकला.

एक वाईट सवय इथे तोडावी लागली. चढावर थांबलेलं असताना हाफ क्लचवरच गाडी तोलून धरायची, हे आपल्याकडे कौशल्य समजलं जातं. त्यानं क्लच प्लेट जळते, तो करपट वास आपण सगळ्यांनीच रहदारीत घेतलेला आहे. शिवाय पाय थरथरला की गाडी मागे. थांबायचं असेल तर हँडब्रेक. त्यात कमीपणा कसला?

खऱ्या चढाची परीक्षा ठरवून घेतली नाही, ती आपोआप झाली. संध्याकाळी जेतलपूर पुलावर वाहतूक तुंबली. पुढे बस, मागे बंपरला टेकेल अशी ॲक्टिव्हा. त्या रात्रीची त्यांच्या वहीतली नोंद : "हँडब्रेक उशिरा सोडला. गाडी दबून बंद पडली. मागचा हॉर्न ऐकून पाय सुटला होता. पुन्हा सुरू करताना हॉर्नकडे लक्ष दिलं नाही, तेव्हा निघाली." गाडी मागे आली नव्हती. बंद पडली, पण मागे आली नव्हती. माझ्या हिशेबी त्या दिवशी चढ पास झाला.

नाक कुठे जातं

रिव्हर्समध्ये सगळे मागे काय लागेल याची काळजी करतात. वहिनींची गाडी ट्रॅकवर लागली ती पुढून. मागे जाताना वळण मागची चाकं घेतात आणि गाडीचं नाक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. मागचा भाग डावीकडे वळला की पुढचा उजवा कोपरा बाहेर झेपावतो. खुणा पाठ केलेल्या माणसाला हे दिसतच नाही, कारण त्याचे डोळे एका खिडकीत अडकलेले.

हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवलं. वहिनींना गाडीबाहेर उभं केलं आणि मी स्वतः एस काढला, अगदी सावकाश. "मागचं चाक बघा. आता नाक बघा." दोन फेऱ्यांत त्या म्हणाल्या, "नाक केवढं झाडू मारतंय!" मग त्या आत, मी बाहेर. नियम तीनच ठेवले : वेग क्लचवर, मान वळवून मागच्या काचेतून बघणं, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर एकदा पुढच्या कोपऱ्यावर नजर. विटांची मांडणी रोज बदलली, म्हणजे पाठांतराला जागाच उरू नये.

डाव्या बाजूचा अंदाज हा आणखी एक घोळ होता. उजवीकडे बसणाऱ्याला डावं चाक दिसत नाही, म्हणून नवखा माणूस भीतीनं गाडी उजवीकडे ओढत राहतो आणि समोरच्याच्या अंगावर जातो. त्यावर कागदी पेल्यांचा उपाय आहे. मैदानात पेले उपडे ठेवायचे आणि डाव्या पुढच्या चाकानं ते चिरडायचे. सुरुवातीला चाक पेल्यापासून हातभर लांबून जायचं. चिरडला की "फट्" असा आवाज येतो आणि डोक्यात चाकाची जागा पक्की बसते. या खेळात यजमानही रमले. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि डाव्या हाताची बोटं उभी करून किती पेले गेले ते सांगत.

बोलत चालवणं

ट्रॅकवर जे तपासलं जातं ते आवश्यक आहे, पण तेवढ्यानं रस्ता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १५ उघडून बघावा. उमेदवाराला काय काय करून दाखवता आलं पाहिजे त्याची लांबलचक यादी तिथे आहे : सिग्नल देण्याआधी आरसा बघणं, ओव्हरटेक करणं आणि करू देणं, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाशी नीट वागणं, वर्दळ पाहून वेग ठेवणं, आणीबाणीत थांबणं. शिकवणीचा अभ्यासक्रम म्हणून माझ्या मते याहून चांगला कागद नाही, आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. वहिनींनी तो मराठीत उतरवून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आणि जे जमेल त्यापुढे तारीख घालत गेल्या.

रस्त्यासाठी मी एकच पद्धत वापरली. चालवताना जे दिसतं ते मोठ्यानं बोलायचं. कीर्ती स्तंभाकडून रावपुऱ्याकडे जातानाचं वहिनींचं बोलणं मला अजून आठवतं. "डावीकडे हातगाडी, तिच्यामागून कुणी येईल. पुढची रिक्षा हळू झाली, भाडं बघतेय, थांबणार. आरसा. उजवीकडे ॲक्टिव्हा, तिला जाऊ दे. बस उभी आहे, बसपुढून माणूस येईल, पाय ब्रेकवर. आला!" खरोखरच आला, पिशवी घेतलेला एक म्हातारा, आणि गाडी आधीच रांगत होती म्हणून काहीच झालं नाही.

बोलण्यानं दोन गोष्टी होतात. नजर पुढच्या बंपरवरून उठून लांब जाते. आणि शेजारी बसलेल्याला कळतं की चालवणाऱ्याला काय दिसत नाहीये. वहिनींच्या बोलण्यात आरसा फार उशिरा यायचा. डावा आरसा तर सुरुवातीला मिटलेलाच होता. गल्लीत घासू नये म्हणून यजमान तो मिटून ठेवत आणि उघडायचा राहून जाई. तो उघडला आणि त्यात आपल्या गाडीची जेमतेम किनार दिसेल असा लावला. लेन बदलताना आधी आरसा, मग सिग्नल, मग पुन्हा आरसा, मग वळण, हा क्रम तोंडात बसेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही.

स्कूटरनं दिलेली नजर कामाची होती, पण स्कूटरनं दिलेली घाईही बरोबर आली होती. फट दिसली की घुसायचं. सर्कलवर आत फिरत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांना माहीत होतं पण हात ऐकत नव्हते. इथे मी आकडा वापरला, कारण आकड्याशी त्यांचं जमतं. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरचा थांबला हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज गेला. तेवढ्यात गाडी स्कूटरसारखी बाजूनं निसटू शकत नाही, तिला रुंदी आहे. पुढच्या गाडीनं एखादा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचं; त्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात आणखी लांब. त्या दिवसापासून मोजणी सुरू झाली ती थांबली नाही.

आणि मग जानेवारीचा पहिला पंधरवडा. बडोद्यात उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी रस्ता कसा असतो हे बडोदेकरांना सांगायला नको. कापलेला पतंग उतरत असतो आणि खालून पोरं धावत असतात, हातात पतंग अडकवायला काटेरी फांद्या, डोळे आभाळात. गळ्याला मांजा लागेल या धास्तीनं दुचाकीवाले मध्येच करकचून थांबतात. नवशिक्याला अशा दिवसांत बाहेर काढू नये असं मला बरेच जण म्हणाले. प्रत्यक्ष १४ आणि १५ तारखेला गाडी काढली नाही. पण आधीचे दिवस मी मुद्दाम सोडले नाहीत. सुरसागरच्या बाजूला एकदा वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "वर पतंग कापला गेला, डावीकडे येतोय, म्हणजे पोरं डावीकडून येणार," आणि वेग उतरवला. पोरं दिसायच्या आधी त्यांनी पोरं पाहिली. माझ्या कारखान्यातल्या काही जुन्या ड्रायव्हरांनाही हे सांगून जमत नाही.

दुसरी परीक्षा

त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सीट लावली, आरसे लावले, पट्टा बांधला. चढावर थांबल्या, हँडब्रेक ओढला, आवाज ऐकला, निघाल्या. एसमध्ये मान मागे, मध्ये एकदा नाकावर नजर. पास. कागद घेऊन बाहेर आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पार्किंगला या वेळी जरा जास्त जागा घेतली."

त्यानंतर

लायसन्स घरी आल्यावरही पहिले काही दिवस मी मागच्या सीटवर बसून गेलो, कारण आता पुढे यजमान होते. एक अडचण आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. यजमान वीस वर्षं स्वतः चालवत आलेले. काही दिसलं की त्यांचा पाय जमिनीवर ब्रेक शोधायचा आणि तोंडून "ब्रेक, ब्रेक!" निघायचं. वहिनी दचकून खरोखर ब्रेक मारायच्या, आणि मागचा अंगावर यायचा. दोघांनाही वाईट वाटायचं.

अकोटा पुलापलीकडे गाडी कडेला घेऊन आम्ही तिघांनी बोलून ठरवलं. "ब्रेक" हा शब्द त्यांनी वापरायचा नाही. जे दिसतं त्याचं फक्त नाव घ्यायचं आणि बाजू सांगायची. काय करायचं ते चालवणारी ठरवेल. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं अडखळतं, म्हणून लहान शब्द निवडले. "गाय, डावी." "पोर, उजवं." आठवडाभरात ते अंगवळणी पडलं. ज्यांच्या घरी शेजारी बसणारा माणूस जुना ड्रायव्हर आहे, त्यांनी हे जरूर करून पाहावं. शिकणारा माणूस रस्त्यापेक्षा शेजारच्या ओरडण्याला जास्त बिचकतो.

फिजिओथेरपीला आता त्या एकट्या त्यांना घेऊन जातात. रस्ता ठरलेला, दांडिया बाजार ते अकोटा आणि तसंच परत, वेळ सकाळी दहाच्या आत. रावपुऱ्यात गाडी लावणं अजून नीट जमत नाही. तिथे जायचं असेल तर त्या लांब लावून चालत जातात, आणि ते मला पटतं. रात्रीचं चालवणं सुरू केलेलं नाही. समोरून अप्पर, म्हणजे वर मारलेला प्रखर दिवा, आला की त्या दिव्याकडेच बघत राहतात. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची हे सरावानंच येईल. होळीनंतर आधी वस्तीतले उजेडाचे रस्ते, मग गोल्डन चोकडीच्या पुढे हायवे. उतारावर गिअर खाली आणण्याचा सराव बडोद्यात होणं नाही, त्यासाठी पावागढच्या बाजूला जावं लागेल. नियम १५ च्या यादीत त्या ओळीपुढे अजून तारीख पडलेली नाही.